ऑर्केस्ट्रातली बेस गिटार: पाचवी तार घ्यावी का? आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचं काय करायचं?

खर्जाचा_सा (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. वाचतोय बऱ्याच वर्षांपासून, धागा पहिल्यांदाच काढतोय. मी बेस गिटार वाजवतो. आमच्या भागातल्या दोन-तीन ऑर्केस्ट्रांबरोबर गणपती, नवरात्र, गावच्या यात्रा, रिसेप्शन, सत्कार, जिथली सुपारी येईल तिथे. गिटार चार तारांची, साधी पॅसिव्ह (बॅटरीशिवायची), जॅझ बेसच्या आकाराची.

अडचण पट्टीची आहे. आमचे दोन्ही पुरुष गायक काळी एक आणि काळी दोनमध्ये गातात, म्हणजे पेटीवरची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी हा त्यांचा सा. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ई, म्हणजे पांढरी तीन, त्याच्या खाली काही नाही. काळी दोनचा सा हवा असेल तर ईच्या शेजारच्या ए तारेवर सहाव्या फ्रेटला (मानेवरच्या पडद्याला) जायचं, काळी एकचा चौथ्या फ्रेटला. म्हणजे सा वर आणि पंचम त्याच्या खाली असं उलटं होऊन बसतं. गाणं संपताना गायक समेवर येतो, ढोलकी तिहाई घेऊन पडते आणि मी मात्र वरच्या सा वर लटकलेला. त्याच वेळी कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचा सा दाबतो आणि सगळा मांडव भरून जातो.

आता पार्टीचे मालक म्हणायला लागलेत की छोट्या कार्यक्रमाला कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), ढोलकी एवढं बास, बेस मोठ्या स्टेजला बघू. एक पाकीट, म्हणजे एकाचं मानधन, वाचतं हे मला कळतं, पण जीव तुटतो.

तर प्रश्न दोन. पाच तारांची घेऊ का, बजेट तीसेक हजार. आणि तुमच्याकडे बेसवाल्याला अजून जागा आहे का?

स्लॅप_पुणे

घ्या. डोळे झाकून घ्या. पाच तारांची बेस चालू लागली त्याचं कारण नेमकं तुमचंच दुखणं आहे. ८० च्या दशकात सिंथेसायझरवरचा बेस ईच्या खाली उतरायला लागला आणि रेकॉर्डिंगला बसणाऱ्या बेसवाल्यांना तिथे पोचायला तारच नव्हती. मग ईच्याही खालची बी तार हळूहळू सगळ्यांकडे आली. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढली तेव्हा उभ्या डबल बेसच्याच चार तारा घेतल्या, ई ए डी जी, त्या काळाला त्या पुरेशा होत्या. आपल्याकडे काळ्या पट्टीत गाणारी निम्मी मंडळी असताना चार तारांवर अडून कशाला बसायचं?

बी तारेवर दुसऱ्या फ्रेटला काळी एक, चौथ्याला काळी दोन. हात हलवायची गरज नाही, सा रे ग म सगळं एका जागी. एकदा सवय झाली की परत चारवर जावंसं वाटत नाही.

साउंडवाला_सांगली

जरा थांबा. मी मागच्या बाजूने बोलतो, मिक्सरवरून.

मोकळी ई म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं. मोकळी बी म्हणजे ३१. आता यात्रेतल्या मैदानावर माझ्याकडे जे अठरा इंची बिन (खर्जाचे स्पीकर) आहेत ते चाळीसच्या खाली फार काही देत नाहीत, तिथे नुसता स्पीकरचा पडदा हलतो आणि ॲम्पचा जीव जातो. म्हणून मी स्वतःच चाळीसच्या आसपास फिल्टर लावून खालचं कापतो. म्हणजे तुम्ही पाचवी तार घ्याल, मन लावून वाजवाल आणि त्याचा पाया मी कापून टाकेन. सूर तरीही ऐकू येतो, कारण वरचे स्वरांश शिल्लक असतात आणि कान खालचा सूर स्वतः भरून काढतो, पण त्यासाठी बी तार स्वच्छ, घट्ट वाजायला हवी. स्वस्त पाच तारांच्या गिटारीत नेमकी तीच ढिली असते, मग समोर नुसती गडगड येते. मी अशा वेळी फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेतो, दुसरं काय करणार.

बरं, काळी एकचा खालचा सा ३५ च्या आसपास आणि काळी दोनचा ३९, म्हणजे दोन्ही माझ्या फिल्टरच्या हद्दीत. विकत घ्यायच्या आधी दुकानात बी तारेवर दुसरा आणि चौथा फ्रेट दाबून ॲम्पवर ऐका. बाकीचं दुकानदार वाजवून दाखवेलच.

आणि ढोलकीची धूम (खर्जाची बाजू), ऑक्टोपॅडचा किक, कीबोर्डचा डावा हात आणि बेस, चौघेही एकाच खोलीत राहायला आलेत. पाचवी तार आणून ती गर्दी वाढते का कमी होते याचा विचार करा.

ढोलकी_नारायणगाव

साउंडवाले दादा एकदम बरोबर बोलले. मी तमाशाच्या फडात वाजवलंय आणि आता ऑर्केस्ट्रात लावणीला बसतो. लावणीत धूम म्हणजे माझा अर्धा जीव. मनगटाने दाबून सूर वर चढवत नेतो ना, तो घिस्सा लोकांच्या पोटात जातो. त्याच क्षणी बेसवाल्याने खालून लांब सूर धरून ठेवला की माझं चढणं ऐकूच जात नाही.

आमच्याकडे एक बेसवाला होता, वयाने मोठा, आम्ही त्याला मामा म्हणायचो. तो लावणीत फक्त समेला आणि तोड (ठेका तोडणारा तुकडा) पडताना वाजवायचा. मधे हाताचा तळवा तारांवर ठेवून गप्प उभा. नवखा माणूस म्हणेल हा झोपलाय का. पण तो नसला की कार्यक्रम उघडा पडायचा, नाचणारीसुद्धा विचारायची मामा कुठे गेले. त्याला कुणी कधी कमी केला नाही. चारच तारा होत्या त्याच्याकडे.

रसिक_मिरज

ढोलकीदादा, +१०० 🙏

अपर्णा_के

मी गाते, वाद्यातलं तांत्रिक फारसं कळत नाही, पण गायिकेच्या बाजूने लिहिते. मॉनिटर (स्टेजवर आमच्यासाठी ठेवलेला स्पीकर) वाईट असतो तेव्हा, आणि तो बहुतेक वेळा वाईटच असतो, मी सूर बेसवर धरते. कीबोर्ड आणि ढोलकीचा वरचा आवाज पुढच्या स्पीकरमधून फिरून उशिरा येतो, मंडपाच्या कापडात, लोकांच्या टाळ्यांत मिसळतो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. बेस पायाखालच्या फळ्यांतून येतो. डोळे मिटून गायचं असलं तरी सा सुटत नाही.

मी काळी चार-पाचला गाते, तिथे धागाकर्त्यांना अडचण येऊ नये ना? पण द्वंद्वगीतात पुरुष गायकाच्या सोयीने पट्टी ठरते आणि मग सगळ्यांचीच ओढाताण होते. दादा, एक विनंती, गाणी ठरतात तेव्हा तुम्ही तिथे असाल तर बोला. काळी दोनचं गाणं पांढरी तीनला घेतलं तर पुष्कळ गायकांना चालतं, अर्ध्या सुराचाच फरक. आम्हाला कुणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही.

खर्जाचा_सा

अपर्णाताई, काळी चारचा सा मला ई तारेवर चौथ्या फ्रेटला मिळतो, काळी पाचचा सहाव्याला, मस्त बसतो. फक्त काळी चारला खालचा पंचम म्हणजे परत काळी दोन, तो नाही मिळत. पण पांढरी तीनची सूचना भारी आहे. मोकळी तार मिळाली तर मी काय वाटेल ते करीन.

साउंडवाले दादा, फिल्टरचं आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. नोंद केली.

जुन्या_रेकॉर्डी

अवांतर होतंय, पण कीबोर्डच्या डाव्या हाताची भीती नवी नाही म्हणून सांगतो. रोलंड कंपनीने ८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी काढली, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. बेसवाल्याची जागा घेणारं यंत्रच म्हणा. बेससारखी ती वाजेना, खपेना, कंपनीने थोड्याच वर्षांत बंद केली. पण आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तीच डबी आणि रोलंडचंच तालयंत्र घेऊन डिस्को ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. पुढे शिकागोत त्याच डबीवर ॲसिड हाऊस नावाचं संगीत उभं राहिलं तेव्हा जग म्हणायला लागलं, अरे हे मुंबईत आधीच झालंय. चरणजित स्वतः हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार आणि बेस वाजवणारे, आणि लग्नसमारंभात ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारे. म्हणजे आपल्याच बिरादरीतले.

पंचमदांच्या (आर. डी. बर्मन) गाण्यांत बेस कसा बोलतो ते ऐकायचं असेल तर त्यांचे बेसवादक टोनी वाझ हे नाव लक्षात ठेवा. हेडफोन लावा, गायकाकडे दुर्लक्ष करा, फक्त खालची रेघ ऐका. तबला आणि बेस एकमेकांना वाट देत जातात, वर ढोलकीदादांनी सांगितलं तसंच.

मडगावचो_बेस

वाझ आडनाव वाचून राहवलं नाही 🙂 मराठी थोडी इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

गोव्यात बेसला कोणी कमी करत नाही. तियात्रात, म्हणजे आमच्या कोंकणी संगीत नाटकात, स्टेजच्या पुढे बँड बसतो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, ड्रम आणि बेस, प्रत्येक कांतारामागे (गाण्यामागे) तो लागतोच. लग्नात मसाला (एकामागोमाग नाचाची गाणी) सुरू झाला की लोक बेस आणि ड्रमवर नाचतात, तिथे कीबोर्डचा डावा हात पुरत नाही, कारण नाचणाऱ्याला सुराच्या आधी धक्का पाहिजे. बोटाने ओढलेल्या तारेचा धक्का आणि की दाबल्यावर येणारा आवाज, दोन्ही वेगळे, पायांना लगेच समजतं.

आमच्या वडिलांच्या पिढीने चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकलं, म्हणून मुंबईच्या स्टुडिओत गोवेकर नोटेशन वाचून तिथल्या तिथे वाजवू शकले. माझा सल्ला हाच, तार पाचवी घ्या की नका घेऊ, वाचायला शिका. नोटेशन नाही तर निदान कॉर्ड चार्ट. ऐनवेळी कोण पट्टी बदलेल त्याच्याबरोबर जाता आलं पाहिजे. कागद हातात घेऊन जो माणूस पहिल्यांदाच नीट वाजवतो, त्याला फोन परत येतो.

पावसाची एक गोष्ट पण सांगतो. जूनपासून आमच्याकडे लाकूड पाणी पितं, मान वाकते, तारा उंच होतात. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्याला तार आणि फ्रेटमधली फट बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा, मग एक दिवस थांबा, मग परत बघा. एका बैठकीत फिरवत सुटू नका.

स्लॅप_पुणे

मडगावकर, पटलं, पण "कोणी कमी करत नाही" हे तुमच्या भाग्यात आहे. पुण्यात आता कॉर्पोरेट शोला आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावतात, गायक दोन आणि वर एक गिटारवाला दिसायला. बेस ट्रॅकमध्ये. त्यातच दहा वाजता लाउडस्पीकर बंद, बारापर्यंतची सूट वर्षातून मोजक्या दिवसांनाच मिळते, म्हणजे कार्यक्रम तीन तासांचा, साउंड चेकला वेळ नाही आणि आयोजकाला कमी माणसं, कमी वायरी हव्या असतात. मुंबईची मोहिनी डे सारखी बेसवादक जगभर वाजवते हेही खरं, पण रोजच्या सुपारीचं गणित वेगळं.

निवेदक_नको

माझी तक्रार छोटी आहे. निवेदक सगळ्यांची ओळख करून देतो, ढोलकीचे जादूगार, कीबोर्डचे बादशहा, आणि माझ्यापाशी आला की "आणि गिटारवर...". बेस हो, बेस. दोन अक्षरं आहेत.

जुन्या_रेकॉर्डी

@निवेदक_नको, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी हिट गाण्यांवर जेम्स जेमर्सनची बेस आहे, पण १९७१ पर्यंत तिथल्या रेकॉर्डवर त्याचं नाव छापलेलं नव्हतं. एका बोटाने वाजवायचा. तारा गुळगुळीत, चपट्या वेढ्याच्या, आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही.

तार_आणि_लाकूड (पुणे, वाद्यदुरुस्ती)

जेमर्सनच्या तारांवरून आमच्या गिऱ्हाइकांनी फार सोयीचा अर्थ काढलाय, म्हणून लिहितो. चपट्या वेढ्याच्या तारा जुन्या झाल्या की गोड होतात, कारण मळ बसायला खाच नसते. आपण नेहमी वापरतो त्या गोल वेढ्याच्या. त्यांच्या खाचांत घाम, धूळ, मांडवातला गुलाल जाऊन बसतो आणि आवाज मरतो. पैसे नसतील तेव्हा तारा काढून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाका, पूर्ण कोरड्या करा, परत लावा, काही आठवडे जिवंत होतात. त्यापेक्षा सोपं, कार्यक्रम संपल्यावर सुती फडक्याने तार वरून आणि खालून पुसा. खालून कुणी पुसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, तो राहिलाच बाजूला.

खर्जाचा_सा, तुमची गिटार विकू नका. पाच तारांचा सेट आणा आणि त्यातली सगळ्यात बारीक 'जी' तार बाजूला ठेवून चार जाड तारा तुमच्या गिटारीला लावा, म्हणजे बी, ई, ए, डी. जाडी (इंचाच्या हजाराव्या भागात) बी १३० ची, ई १०५ च्या आसपास. बदल काय करावे लागतात: नटच्या (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतात, हे काम खाचेच्या मापाच्या कानशीने, घरच्या ब्लेडने नाही. बी तारेचं टोक खुंटीत बसतं का ते आधी बघायचं, टोकाला निमुळती होणारी तार मिळाली तर उत्तम. मानेवरचा ताण बदलतो, म्हणून ट्रस रॉड तपासायचा. आणि खालच्या टोकाला ब्रिजवर बी तारेचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घ्यायचं, नाहीतर बारावा फ्रेट बेसूर लागेल. तारा आणि मजुरी धरून तुमच्या बजेटच्या अगदी छोट्या हिश्श्यात होतं.

जाईल काय तर वरच्या जी तारेची चमक. तुम्ही एकल वाजवत नाही, गायकामागे वाजवता, तेव्हा डी तारेवर वर सरकून भागतं. एक पूर्ण सीझन असं वाजवून बघा. बी तार तुमच्या हाताला आणि तुमच्या पार्टीला लागतेय असं दिसलं तर मग पाच तारांची चांगली घ्या, तीसऐवजी थोडे जास्त घालून. साउंडवाले म्हणाले ते खरं आहे, स्वस्तातली पाचवी तार म्हणजे नुसती शोभा.

साउंडवाला_सांगली

हे उत्तम. आणि उरलेल्या पैशात एक चांगला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घ्या, स्वतःचा. पॅसिव्ह गिटारची लांब जॅक वायर स्टेजवरून माझ्यापर्यंत ओढली की वरचा आवाज गळतो आणि घूं असा हम येतो. डीआय तुमच्या पायाशी, तिथून पुढे एक्सएलआर (माइकला लागते ती वायर).

अजून एक, आणि हे सगळ्यांनी वाचा. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थिंग आहे का विचारा. तारांवर हात ठेवून ओठ माइकला लावले आणि झटका बसला असं कोरस गाणाऱ्या बेसवाल्यांना हमखास होतं. ॲम्प एका लाइनवर, मिक्सर दुसऱ्या लाइनवर आणि अर्थ कुठेच नाही, मग मधला रस्ता म्हणजे तुमचं अंग. साउंड चेकच्या आधी मल्टीमीटरचं एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा, एसी व्होल्ट बघा. काही व्होल्टच्या वर दिसलं तर वाजवायचं नाही, आयोजक कितीही घाई करो. यात भिडस्तपणा नको.

दोन्ही_हात (सातारा)

मी कीबोर्डवाला. इतका वेळ माझ्या डाव्या हाताची चर्चा चाललीय तर बोलतो.

डावा हात खाली अडकला की स्ट्रिंग्ज, ब्रास, बासरी, सतार सगळं एका उजव्या हाताने करायचं. गाण्याच्या मधल्या संगीतात दोन ओळी एकमेकींना उत्तर देतात तिथे मी एक सोडून देतो. श्रोत्यांना वाटतं काहीतरी पोकळ आहे, नेमकं काय ते सांगता येत नाही. बेसवाला असला की माझा डावा हात वर येतो आणि तेच गाणं रेकॉर्डसारखं उभं राहतं. मालकाला पाकीट वाचलेलं दिसतं, गाण्याचं गेलेलं अंग दिसत नाही.

दादा, तुमच्या कीबोर्डवाल्याशी बसा. यादी घ्या, प्रत्येक गाण्यापुढे लिहा, खालचं कोण. काही गाण्यांना सिंथ बेसच पाहिजे, तिथे तुम्ही थांबा. बाकी ठिकाणी तो चौथ्या बोटानेही खाली येणार नाही असं ठरवा. मग मालकाला एकच गाणं दोन्ही प्रकारे वाजवून ऐकवा. तालमीत, लोकांसमोर नाही.

खर्जाचा_सा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी आलो. आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

तार_आणि_लाकूड दादांनी सांगितलं तसं बी-ई-ए-डी करून घेतलं. बी तारेला खुंटी पुरेना म्हणून निमुळत्या टोकाची तार मागवावी लागली. पहिल्या आठवड्यात बोटं सारखी चुकीच्या तारेवर जायची, कारण जिथे ई होती तिथे आता बी. घरी रोज एकच काम केलं, काळी एक, दोन, तीन, चार, पाच, प्रत्येकीत सा आणि पंचम डोळे मिटून.

कीबोर्डवाल्याबरोबर बसून यादी केली. तो तर खूशच झाला, म्हणाला मला ब्रास वाजवायचे आहेत, तू ये. द्वंद्वगीतं दोन पांढरी तीनला नेली, गायक दोघेही राजी. मालकांना तालमीत ऐकवलं. लगेच काही बोलले नाहीत, दुसऱ्या फेरीला ढोलकीवाल्याकडे बघितलं, तो म्हणाला "असू दे याला". गणपतीच्या सगळ्या तारखा धरल्यात, नवरात्राचं पाकीट ठरायचंय.

लावणीला मी तळवा ठेवून थांबतो. नारायणगावच्या मामांची आठवण काढून.

ढोलकी_नारायणगाव

वा वा. तोड कुठे पडते ते ढोलकीवाल्याच्या खांद्यावरून बघत जा, हातावरून नको. खांदा आधी हलतो.

साउंडवाला_सांगली

डीआय घेतला का?

खर्जाचा_सा

घेतला. मल्टीमीटरपण. परवा एका गावात चौतीस व्होल्ट दाखवले, जनरेटरवाल्याला उठवून जमिनीत सळई ठोकून घेतली, मगच वाजवलं.

साउंडवाला_सांगली

सळईभोवती मीठ आणि पाणी टाकायला सांगा पुढच्या वेळी, कोरड्या मुरमात नुसती सळई पुरत नाही. आणि ठोकल्यावर परत मोजा.